पुढचा भाग तुमचा

भेडाघाटला पंचवटी घाटावरून नाव सुटली, की दहा-बारा वल्ही मारून होताहेत तोच नावाडी बोलायला लागतो. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, मधून संथ, हिरवी नर्मदा, आणि त्या शांततेत त्याचं यमकं जुळवत चाललेलं ठसकेबाज हिंदी. हा दगड मोटारीसारखा दिसतो, तो बसलेल्या साधूसारखा. ही बंदरकूदनी, पूर्वी इथे कडे इतके जवळ होते की माकडं या काठावरून त्या काठावर उडी मारायची. मग सिनेमे येतात. मी फ्रॉक घालून त्या नावेत बसायचे तेव्हा त्या निरूपणात एकटा राज कपूर होता, ‘जिस देश में गंगा बहती है’मधला. पुढे त्यात शाहरुख खानचा ‘अशोका’ शिरला, 2016 नंतर हृतिक रोशनचा ‘मोहेंजो दारो’ आला. गेल्या हिवाळ्यात गेले तर सेल्फी काढणाऱ्यांवरही दोन ओळी जमा झालेल्या.

हे लिहिलं कुणी? एकाने नाही. बापाच्या नावेत बसून पोरगा ते शिकतो, शेजारच्या नावेतून नवीन यमक ऐकू आलं की परतीच्या फेरीत ते स्वतःच्या तोंडी घेतो, प्रवासी हसले तर ओळ टिकते, नाही हसले तर पुढच्या फेरीला गळून पडते. कितीतरी वर्षं, कितीतरी माणसं मिळून एक गोष्ट रचत आहेत आणि ती अजून संपलेली नाही. पावसाळ्यात नावा बंद होतात, तेवढीच तिची विश्रांती.

अनोळखी माणसांनी आंतरजालावर एकत्र येऊन गोष्ट लिहिणं या विषयावर लिहायला बसले तेव्हा मला आधी संगणक आठवला नाही, ही नाव आठवली. आणि दुसरी आठवली ती माझी आजी.

आमचं घर गोलबाजारच्या बाजूला. सत्तरच्या दशकात उन्हाळ्याच्या रात्री वीज गेली की आम्ही सगळी भावंडं गच्चीवर. आजी एक वाक्य टाकायची, मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाने एकेक वाक्य जोडायचं. भाषा आमची जबलपुरी मराठी, म्हणजे क्रियापदाला ‘राहिला’ लावलेली आणि मध्येच हिंदीत घसरणारी: ‘मग राजकुमार जंगलातून येऊन राहिला होता, तर समोर एकदम शेर.’ आजीचा नियम एकच होता. आधीच्याचं वाक्य खोटं पाडायचं नाही. माझ्या चुलतभावाने सांगितलं राजकुमार आंधळा आहे, तर मग तो आंधळाच. ‘ते स्वप्न होतं’ असं म्हणायला बंदी. ‘तो खोटं बोलत होता’ असंही नाही. मला तो नियम तेव्हा जाचक वाटायचा, कारण माझ्या राजकुमाराला नर्मदेतला चंद्र पाहायचा असायचा आणि माझ्याआधी कुणीतरी त्याचे डोळे काढून घेतलेले असायचे. आजी म्हणायची, त्याला पाण्याचा आवाज ऐकू दे.

सामूहिक लेखनाबद्दल पुढे जे काही वाचलं, केलं, त्यात आजीच्या या नियमापेक्षा मोठा नियम मला सापडलेला नाही.

*

मराठीत आंतरजालावर एकत्र गोष्ट लिहिण्याची रीत रुजली ती मुख्यतः परदेशातल्या मराठी माणसांमुळे. अजय गल्लेवाले यांनी 1996 मध्ये, गणेश चतुर्थीला, अमेरिकेतून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे दरवर्षी गणेशोत्सव होतो. पाककृती, चित्रं, मुलांचे कार्यक्रम, आणि त्यात एक खेळ असायचा, ज्याला सगळे ‘एसटीवाय’ म्हणत. ‘स्पिन द यार्न’ची ती आद्याक्षरं. संयोजक गोष्टीची सुरुवात करून देणार, दोन-चार पात्रं उभी करणार, आणि मग ज्याला सुचेल त्याने पुढचा तुकडा लिहायचा. 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘मिसळपाव’वर अशाच लेखनाला ‘खो-कथा’ हे नाव मिळालं. मला ते नाव फार आवडतं. खो-खोत पाठीवर थाप बसते तेव्हा पळायला तयार असावं लागतं, दिशा निवडायची मुभा असते, पण मधली रेषा ओलांडता येत नाही.

परदेशातून हे का सुरू झालं, याचं उत्तर जबलपूरच्या माणसाला सहज समजेल. ज्या गावात रस्त्यावर आपली भाषा ऐकू येत नाही, तिथे ती वापरण्यासाठी निमित्त शोधावं लागतं. आमच्याकडे ते निमित्त दत्तमंदिरातला उत्सव असे, महाराष्ट्र शाळेतलं स्नेहसंमेलन असे, किंवा कुणाच्या घरचं हळदीकुंकू. न्यू जर्सीत आणि दुबईत ते निमित्त पडद्यावर आलं. आणि त्यात एक मजा होती जी गच्चीवर नव्हती. पुण्यातली बाई रात्री दहाला आपला भाग टाकून झोपली, की कॅलिफोर्नियात सकाळचे साडेनऊ झालेले असायचे. आपण झोपेत असताना गोष्ट पुढे सरकायची. सकाळी उठून दूध तापवता तापवता आधी बघायचं, काल रात्री नायिकेचं काय झालं.

मी अशा लेखनात उतरले ते 2010 च्या गणपतीत. कुठल्या संकेतस्थळावर ते सांगत नाही, कारण पुढे जी तक्रार आहे ती मला कुणाच्या नावावर घालायची नाही. गोष्ट होती एका लग्नघराची. मी त्यात एक निवृत्त मास्तर आणले, जबलपूरहून लग्नाला आलेले, पिशवीत गुळगुळीत संगमरवरी दगड घेऊन फिरणारे. दोन संध्याकाळी खपून मी त्यांचा सगळा भूतकाळ लिहिला: बायको कशी गेली, मुलाशी का बोलणं तुटलं, दगड कुठून आणला, का आणला. भाग टाकला आणि वाट पाहत बसले. पुढच्या लेखकाने मास्तरांना तिसऱ्या ओळीत बसखाली घातलं.

दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. नवऱ्याने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, मास्तर.

तिसऱ्या दिवशी राग उतरल्यावर माझाच भाग पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की मास्तरांना त्या माणसाने मारलंच नव्हतं. मी आधीच संपवून ठेवलं होतं. एकही प्रश्न शिल्लक ठेवला नव्हता, एकही दार उघडं नव्हतं. पुढच्या लेखकासाठी त्या पात्राने करायचं असं काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्याने वाटेतून बाजूला केलं. मग आणखी एका आयडीने, जिला मी आजतागायत भेटलेले नाही, मास्तरांची पिशवी लग्नघरात पोचवली. आत दगड सात होते. मी एकच लिहिला होता. बाकीचे सहा कुठले, हा प्रश्न तिने तसाच सोडून दिला, आणि पुढचे नऊ भाग त्या सहा दगडांवर चालले. मास्तर मेलेलेच राहिले. कुणी त्यांना परत उठवलं नाही, याचं मला आज कौतुक वाटतं.

त्या सहा दगडांनी मला जे शिकवलं ते कुठल्या कार्यशाळेत शिकले नसते. पुढच्याला काय द्यायचं? एखादी वस्तू, जिचं स्पष्टीकरण नाही. एखादी इच्छा, जी पात्राने अजून बोलून दाखवलेली नाही. एखादी वेळ, जी यायची आहे: उद्या सकाळी अकराची गाडी. आणि काय द्यायचं नाही? जुळा भाऊ, स्मृतिभ्रंश, स्वप्नातून जाग. या तिन्ही गोष्टी आधीच्यांचे कष्ट एका ओळीत पुसतात, आणि तरी दर तिसऱ्या खो-कथेत कुणीतरी त्या आणतंच.

*

छापील जगाने हा प्रयोग फार आधी केला आहे. बंगालीत ‘भारती’ मासिकाच्या मंडळींनी बारा जणांकडून एक कादंबरी लिहून घेतली आणि तिचं नावच ‘बारोयारी’ ठेवलं. ती 1921 मध्ये पुस्तकरूपाने आली. लिहिणाऱ्यांत शरच्चंद्र चट्टोपाध्यायही होते. बारोयारी म्हणजे वर्गणी काढून केलेली सार्वजनिक पूजा. मायबोलीच्या गणेशोत्सवातला खेळ आणि बंगालमधलं हे नाव यांच्यात काही देवाणघेवाण झालेली नाही, पण दोन्हीकडे माणसांना मांडवच आठवला.

इंग्लंडमधल्या रहस्यकथाकारांच्या ‘डिटेक्शन क्लब’ने 1931 मध्ये ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’ काढली. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, चेस्टरटन अशी नावं. त्यांचा नियम मला विलक्षण वाटतो. प्रकरण लिहिणाऱ्याने खुनाचं स्वतःचं पूर्ण उत्तर मनाशी ठरवूनच लिहायचं, निव्वळ पुढच्याची पंचाईत करण्यासाठी गुंता घालायचा नाही, आणि ते उत्तर पाकिटात बंद करून द्यायचं. पुस्तकाच्या शेवटी ती सगळी उत्तरं छापली. एकाच कथेची इतकी शक्य टोकं! शेवटचं प्रकरण अँथनी बर्कलीने लिहिलं आणि त्याचं शीर्षक ‘पसारा आवरताना’ अशा अर्थाचं दिलं.

इंटरनेटवरचा सर्वांत गाजलेला प्रयत्न मात्र फसला. 2007 च्या फेब्रुवारीत पेंग्विन प्रकाशनाने लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठाबरोबर ‘अ मिलियन पेंग्विन्स’ नावाची कादंबरी विकीवर खुली केली. कुणीही यावं, कुणाचंही वाक्य बदलावं. पाच आठवड्यांत सुमारे दीड हजार लोकांनी हात लावला. कुणी तरी येऊन प्रत्येक पानात केळी घालू लागलं, तेव्हा संयोजकांना केळ्यांची वेगळी आवृत्ती करून द्यावी लागली. पुढच्या वर्षी ब्रूस मेसन आणि स्यू थॉमस यांनी या प्रकाराचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की याला कादंबरीपेक्षा जत्रा म्हणणं बरोबर. मला त्यात फसण्याचं कारण अगदी आजीच्या नियमाजवळ दिसतं. विकीवर आधीचं वाक्य पुढे न्यायची सक्ती नव्हती, ते खोडायची सोय होती. खो-खोत मागच्याला मैदानाबाहेर काढता आलं असतं, तर तो खेळ किती वेळ टिकला असता?

याच सुमाराला इंग्रजीत एक उलट उदाहरण उभं राहिलं. ‘एससीपी फाउंडेशन’. 2007 मध्ये एका निनावी माणसाने एका विचित्र पुतळ्याची सरकारी अहवालासारखी नोंद लिहिली. लोकांनी तशाच नोंदी लिहायला सुरुवात केली. आज त्या हजारोंच्या घरात आहेत. तिथे कुणी कुणाचं वाक्य पुढे नेत नाही. सगळे मिळून एकच खोटं कार्यालय खरं असल्यासारखं चालवतात, प्रत्येकाची फाइल वेगळी. आणि ते लेखन मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावं. बांधणी अशी असेल तर माणसं कितीही वाढली तरी चालतात. एकाच धाग्यावरच्या गोष्टीत मात्र माझ्या अनुभवाने आठ-दहाच्या पुढे गर्दी झाली की गोष्ट मरते.

*

जबलपूरकडे वळते, कारण या गावाने मला या विषयातली सर्वांत खोल गोष्ट शिकवली.

इथले मराठी लोक भोसल्यांच्या काळापासून आले, पण खरी वस्ती वाढली ती इंग्रजांच्या नोकऱ्यांनी. 1870 मध्ये मुंबईकडून आलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ आणि अलाहाबादकडून आलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ जबलपुरात जुळले. दोन कंपन्यांनी दोन टोकांनी लिहीत आणलेली ओळ इथे एक झाली. मग 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, कचेऱ्या आल्या, कॉलेजं आली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी अशी तीन-चार पिढ्यांची सवय पडली. आणि या सवयीतून अशी माणसं निघाली जी दुसऱ्याच्या भाषेत पुढचं वाक्य लिहू शकत होती.

माधवराव सप्रे त्यांतले आद्य. 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्मलेला हा मराठी माणूस जबलपूरच्या कॉलेजात शिकला. 1900 मध्ये त्याने ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, आणि 1901 मध्ये त्यात आलेली त्याची ‘एक टोकरी भर मिट्टी’ हिंदीच्या अगदी आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेलं. 1920 मध्ये जबलपुरातून ‘कर्मवीर’ निघालं त्यामागेही तेच होते, संपादक माखनलाल चतुर्वेदी. अनुवादाला मी सामूहिक लेखनच मानते. पहिल्याने अर्धं केलं, दुसऱ्याने बाकीचं, फक्त मध्ये काही वर्षं किंवा शतकं गेली.

आणि मुक्तिबोध. गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी बोलत, त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कविता-कादंबऱ्या लिहीत, आणि स्वतः गजानन माधव हिंदीतले फार मोठे कवी झाले. 1943 च्या ‘तार सप्तक’मधल्या सात कवींत ते होते, आणि प्रभाकर माचवेही होते, म्हणजे सातांत दोघे मराठी घरचे. ‘तार सप्तक’ हा कवींनी मिळून, सहकाराने पुस्तक काढण्याचा बेत होता. चाळीसच्या दशकात मुक्तिबोध काही काळ जबलपूरला होते, हितकारिणी शाळेत शिकवत होते. पुढे ते नागपूरला आणि मग राजनांदगावला गेले, पण जबलपूर सुटलं नाही. हरिशंकर परसाईंनी इथून 1956 मध्ये ‘वसुधा’ मासिक सुरू केलं, आणि त्यात मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ हप्त्यांनी येऊ लागली.

त्या डायरीच्या पुस्तकात ‘तीसरा क्षण’ नावाचा लेख आहे. कितीदा वाचला ते मोजलेलं नाही. रूप संवादाचं: लेखक आणि त्याचा केशव नावाचा मित्र. तिथे कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला, जगण्यातल्या तीव्र अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून एक वेगळं कल्पित होण्याचा. तिसरा, ते कल्पित शब्दांत उतरू लागण्याचा. आणि या तिसऱ्या क्षणाबद्दल मुक्तिबोध म्हणतात ते माझ्या दृष्टीने या विषयाचं मूळ आहे. शब्द कवीचे एकट्याचे नसतात. त्यांच्यात समाजाने भरलेले अर्थ असतात, आधी होऊन गेलेल्यांचे अनुभव असतात, आणि लिहू लागल्यावर ते शब्द कवीच्या कल्पिताला दुरुस्त करू लागतात, कधी समृद्ध करतात, कधी कापतात. म्हणजे टेबलाशी एकटा बसलेला माणूससुद्धा भाषेशी खो खेळत असतो. जबलपूरच्या मराठी माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. आम्ही बोलायला तोंड उघडतो तेव्हाच दोन समाज आमच्या वाक्यात बसलेले असतात.

हिंदीत तर पन्नास-साठच्या दशकांत सहयोगी कादंबऱ्यांची एक लाटच येऊन गेली. अज्ञेयांच्या ‘प्रतीक’मध्ये ‘बारहखंभा’ आली. ‘ज्ञानोदय’मध्ये ‘ग्यारह सपनों का देश’ आली, लिहिणाऱ्यांत धर्मवीर भारती, राजेंद्र यादव. या दोन्ही प्रयोग म्हणून वाचाव्यात, कादंबरी म्हणून त्या पकडून ठेवत नाहीत. पण मग 1963 मध्ये ‘एक इंच मुस्कान’ पुस्तकरूपाने आली आणि तिथे हा प्रकार खेळाच्या पलीकडे गेला. राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी, नवराबायको, दोघे स्वतंत्रपणे नावाजलेले. अमर हा लेखक, रंजना त्याची बायको, अमला त्याच्या आयुष्यातली दुसरी स्त्री. अमरची प्रकरणं यादवांनी लिहायची, रंजना आणि अमलाची मन्नूजींनी, आलटून पालटून. म्हणजे पुरुष काय समजतो ते पुरुषाने लिहायचं, आणि पुढच्या प्रकरणात त्याच घटनेत बायकांचं काय झालं ते बाईने. मन्नूजींची भाषा साधी, थेट माणसापाशी जाणारी. यादवांची विचारांत अडकत जाणारी. सांधे दिसतात. माझ्या मते दिसायलाच हवेत, कारण त्या कादंबरीचा विषयच सांधा आहे. एकाच हाताने लिहिली असती तर अमरच्या समजुतीला कुणी उत्तर दिलं नसतं.

मराठीत असं पुस्तक मला हवं आहे. दोघांचं, दोन आवाजांचं, सांधे न लपवलेलं.

*

जबलपुरात मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय आहे, त्यामुळे मराठी घरांतही वकील सापडतोच. आमच्या घरातल्या वकिलाला मी विचारलं, आमच्या खो-कथेचं पुस्तक निघालं असतं तर ते कुणाचं? त्याने 1957 चा कॉपीराइट कायदा काढला. त्यात संयुक्त कृतीची व्याख्या आहे: दोघा किंवा अधिकांनी सहकार्याने केलेली, आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही अशी. अशा कृतीचे हक्क शेवटी जाणाऱ्या लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतात. खो-कथेत मात्र प्रत्येक भागावर आयडी असतो, तुकडे मोजता येतात. म्हणजे या व्याख्येत ती बसणं कठीण, प्रत्येकाचा तुकडा त्याचा. पुस्तक काढायचं तर सगळ्यांना शोधून परवानगी घ्यावी लागणार, आणि त्यांतल्या निम्म्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही.

त्यानेच मला ‘इंडिया विन्स फ्रीडम’ची आठवण करून दिली. मौलाना आझाद उर्दूत सांगत, हुमायून कबीर इंग्रजीत लिहीत, मग मौलाना दुरुस्त करत. त्यातली तीस पानं 1988 पर्यंत मोहोरबंद होती. ती उघडण्यावरून वाद झाला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने कबीरांनाही सहलेखक मानलं. आयुष्य एकाचं, वाक्यं दुसऱ्याची, आणि पुस्तक दोघांचं. मला तो न्याय योग्य वाटतो.

*

आता ती तक्रार. 2010 ची आमची लग्नघराची गोष्ट एकवीस भागांनी पूर्ण झाली होती. काही वर्षांनी मी ती पुन्हा वाचायला गेले तर पान नव्हतं. संकेतस्थळाची मांडणी बदलली, जुना मजकूर नव्या जागी नेताना काही गेला, त्यात ती गेली. मी चौकशी केली, उत्तर आलं नाही. माझा स्वतःचा भाग माझ्याकडे होता. बाकीचे वीस नव्हते. सहा दगड कुठले होते हे मला आठवतं, पण ते कुणी कसं सांगितलं, ती वाक्यं गेली. मी बसून स्मरणाने लिहायचा प्रयत्न केला तेव्हा सगळं माझ्याच आवाजात येऊ लागलं. म्हणजे तिचं मूळ रूप पुन्हा एकदा हरवलं.

तेव्हा मी ‘लीळाचरित्रा’कडे गेले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ चक्रधरांच्या आठवणींचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपूरला, नागदेवाचार्यांच्या साहाय्याने, भक्तांना विचारून विचारून तो जमवला. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्यांनी ती पाठ केली होती त्यांनी आपापल्या स्मरणाने ती पुन्हा उभी केली. आणि इथे महानुभावांनी जे केलं त्यापुढे मी नमते. स्मरणं जुळली नाहीत तेव्हा एकच पाठ खरा मानून बाकीचे टाकून दिले नाहीत. अमक्याच्या आठवणीप्रमाणे असं, तमक्याच्या आठवणीप्रमाणे तसं, अशी नावानिशी नोंद ठेवली. या पाठभेदांना ते ‘वासना’ म्हणतात. ‘लीळाचरित्र’ कल्पित कथा नाही, भक्तांसाठी तर ते सत्यच. पण अनेकांच्या मजकुरात कुणाचं काय हे प्रामाणिकपणे कसं राखावं, याचा सातशे वर्षांपूर्वीचा हा मराठी नमुना आहे, आणि आजच्या कुठल्याही संगणकीय नोंदवहीला तो खाली मान घालायला लावील.

आमच्या लग्नघराच्या गोष्टीचं झालं तेच जात्यावरच्या ओव्यांचंही झालं असतं. एकीने ओळ टाकायची, समोरचीने पूर्ण करायची, गावोगावच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या रचलेलं ते काव्य दळणाची गिरणी आल्यावर गेलं असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावं पालथी घालून एक लाखावर ओव्या जमवल्या, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. म्हणून त्या आज ऐकता येतात.

आमच्या खो-कथांसाठी असं कुणी केलेलं नाही. 1996 पासून मराठी माणसांनी पडद्यावर मिळून किती गोष्टी लिहिल्या असतील! त्यांतल्या पुष्कळशा बाळबोध होत्या, काही निव्वळ थट्टा होत्या, पण थोड्या खरोखर चांगल्या होत्या, आणि त्यांत अशी मराठी होती जी कुठल्याही पुस्तकात नाही: शिकागोची, मस्कतची, बडोद्याची, जबलपूरची, एका परिच्छेदात शेजारी शेजारी बसलेली.

म्हणून वाचकांना विनंती. तुम्ही अशा एखाद्या गोष्टीत कधी एक परिच्छेद जरी लिहिला असेल, तर या दिवाळीत जुना संगणक, जुनी ईमेल, जुनी चकती उघडून पाहा. सापडलं तर कागदावर छापा. प्रत्येक भागाखाली त्या लेखकाचा आयडी लिहा, तारीख आठवत असेल तर तारीख लिहा, दोन प्रतींत फरक असेल तर दोन्ही ठेवा. एक प्रत गावातल्या मराठी ग्रंथालयात द्या. आणि त्यात लग्नघराची, सात दगडांची एखादी गोष्ट निघाली, तर मला या अंकाच्या पत्त्यावर कळवा. माझ्याकडे तिचा चौथा भाग आहे.